'पाय तुमचा' म्हणणारी डॉक्टरीणबाई

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. मुरबाडच्या डॉक्टरीणबाईंनी मला आपल्या गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः पेशंटच्या स्टुलावर बसल्या. सगळ्यांनाच तसं बसवतात. मी एक गिरकी मारून घेतली.

शुगरने माझ्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडला होता. बाईंनी रिपोर्टच्या मागे पेनाने पाय काढला. दिसत होता भोपळ्यासारखा.

"बाबा, अंगठा काढला तर दोनेक महिन्यांत चालाल. नाहीतर रोज ड्रेसिंग करून वाट बघू. वाचेलही. पण विष वर चढलं तर अख्खं पाऊल जाईल."

"मग करायचं काय?"

"तुम्ही सांगा. पाय तुमचा."

"मग तुमी शिकलात कशाला?" मी डाफरलो. बाहेर बाकड्यावरची माणसं खो खो हसली.

बाईंची आणखी एक खोड. सांगून झालं की म्हणतात, "आता तुम्ही मला समजवा." मी दुसरी नापास. पण असं समजवलं की कंपाउंडर काम सोडून ऐकत राहिला. एवढ्या शिकलेल्या बाईला शिकवणारा आमच्या पाड्यात मीच.

मग बाईंनी विचारलं, "तुम्हाला भीती कशाची वाटते?"

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. म्हटलं, "लावणीची. भाताची पहिली मूठ घरातल्या थोरल्याने लावायची असते. गाळात अंगठा रोवल्याबिगर वाकू कसा? पडलो तर सगळं शेत हसेल."

बाईंनी तेही लिहून घेतलं.

"तुमी माझ्या जागी असता तर?"

"मी काढून घेतला असता. पण मी कधी लावणी केली नाही ना."

मी चिडलोच. "सोताच्या बापाला पण असंच विचारलंत काय?"

बाईंनी पेनाचं टोपण काढलं, लावलं.

"नाही विचारलं. मी डॉक्टर ना, मीच ठरवलं. त्यांचा पाय कापून घेतला. नंतर सहा वर्षं जगले. माझ्याशी बोलले नाहीत."

मी तो कागद खिशात घालून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या जीपने परत मुरबाड गाठलं. म्हटलं, "काढा अंगठा. यंदा पहिली मूठ सून लावेल. मी बांधावरून चुका काढीन."

बाई लिहायला लागल्या, 'पेशंटचा निर्णय.'

"असं नाय," मी म्हटलं. "दोघांनी मिळून ठरवलं, असं लिवा."