उपरण्याखालचा जप

अमरावतीच्या कापूस बाजारात माझ्याइतक्या शांत चेहऱ्याचा दलाल आजवर झाला नाही आणि पुढेही होणार नाही! हे मी स्वतःच्याच तोंडाने सांगतो, कारण दुसरं कोणी सांगेल असं दिसत नाही. माझी दलाली एका दुपारपुरतीच टिकली, ही गोष्ट वेगळी.

मी हरिहर जोशी. पंचांग सांगणं हा माझा धंदा. वडिलांचा तोच, आजोबांचा तोच. देवळाच्या मागे, उत्तरेच्या भिंतीकडे तोंड करून आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या बैठक मारली आहे. त्या भिंतीवरचा प्रत्येक पोपडा मला नावानिशी ओळखतो. साऱ्या गावाला दिशा सांगायचं काम माझ्याकडे. सोमवारी पूर्वेला निघू नका, बुधवारी उत्तरेला नको, गुरुवारी दक्षिण वर्ज्य! आणि मी स्वतः? पंचेचाळिशी उलटली, पण बैठकीवरून उठून घरी आणि घरून बैठकीवर, याशिवाय तिसरी दिशा माझ्या पायांना ठाऊक नाही.

तेही चाललं असतं. पण तिकडे समुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. विलायतेतल्या गिरण्यांना म्हणे आमच्या बोंडांवाचून घास गिळेना! लोकांना पैसा मोजायला फुरसत नाही, तिथे मुहूर्त कोण विचारतो? एकदा एकाला मी म्हटलं, "अरे, आज शनिवार, पूर्वेला गाडी हाकू नकोस." तर तो बैल न थांबवता म्हणाला, "म्हाराज, मुंबई पश्चिमेले हाये!"

त्या सालच्या पाडव्याला मी संवत्सरफल वाचायला बसलो. ऐकायला एक म्हातारी. ती झोपलेली. "या वर्षी रस महाग, धान्य मध्यम, राजे लोकांत कलह," असं वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, की हेच मी गेल्या वर्षी वाचलं होतं. त्याच्या आदल्या वर्षीही! आणि मी मरेन त्या वर्षी कोणीतरी हेच वाचेल. वाचकहो, खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. म्हातारी जागी झाली आणि तिने माझी समजूत घातली. तिला वाटलं राजे लोकांच्या कलहामुळेच मी रडतो आहे.

घरी येऊन मी जाहीर केलं, "गोदावरी, मी धंदा बदलणार! दलाल होणार!"

आमची गोदावरी कणीक मळत होती. तिने मान वर केली नाही. "आधी बसायची जागा बदला. त्या भिंतीची ओल गुडघ्यांत शिरली आहे तुमच्या."

"थट्टा नको. माझं आयुष्य वाया चाललं आहे."

"मग हात धुऊन घ्या. वाया जाणारा माणूसही जेवतोच."

पण मी ठरवलं होतं. दलालीत कठीण ते काय? आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलायचा नाही, असा रिवाज. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, हातांवर उपरणं टाकतात आणि खाली बोटाबोटांत बोलणं चालतं. पहिलं पेर दाबलं की सगळ्यांत खालचा भाव. अंगठा एकेक पेर पुढे सरकला की भाव एकेक पायरी वर. पटलं की समोरच्याने मूठ आवळायची. मूठ आवळली की सौदा झाला, मग ब्रह्मदेव आला तरी मोडत नाही. काय ठरलं ते त्या दोघांना ठाऊक आणि मालाच्या मालकाला. इतरांनी विचारायचंही नाही. वरून चेहरे मात्र आरतीला उभे राहिल्यासारखे निर्विकार! असा चेहरा ठेवायची मला जन्माची सवय होती.

तालीम म्हणून मी गोदावरीच्या हातावर उपरणं टाकलं.

"अहो, कणकेचे हात आहेत!"

"असू देत. समज, तू शालिकराम दलाल आहेस."

"शालिकरामला रोज चार माणसांचा स्वयंपाक करावा लागतो का?" ती पुटपुटली. मग थबकून म्हणाली, "हे काय? तुमचा अंगठा सारखा का फिरतोय?"

"कुठे फिरतोय?"

"माझ्या बोटांवर. जप चाललाय तुमचा! गप्प बसलात की सुरू होतो. झोपेतसुद्धा."

"भलतंच!" मी म्हटलं आणि पीठ लागलेलं उपरणं झटकलं. बायकांना नको तिथे नको ते दिसतं, असं त्या वेळी माझं मत होतं.

चैत्र सरता सरता दर्यापूरकडचे नत्थुजी कापसाच्या गाड्या घेऊन आले. नत्थुजी म्हणजे आमचे जुने यजमान. खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातली त्यांची शेती. जमीन काळीशार, पण विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. त्यांच्या सुभद्राबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून कोसभर लांबून गोडं पाणी डोक्यावर आणत होत्या. या साली नत्थुजींनी त्यांना शब्द दिला होता, की कापूस विकला की दारात दगडी टाकं बांधायचं, पावसाचं पाणी वर्षभर पुरेल एवढं.

"म्हाराज, चांगला दिवस पाहून द्या विकाले," ते म्हणाले. "आन्‌ दलाल कोन धरू तेबी सांगा. मागच्या साली दलालानं रुमालाखाली माही बोटं अशी पिळली, का भाव कोनता झाला तेच समजलं नाई मले!"

मी छाती पुढे काढली. "दलाल कशाला? मीच विकून देतो!"

"तुमी?" नत्थुजींनी माझ्याकडे खालून वर पाहिलं. "जमन काय जी तुमाले?"

"नत्थुजी, ग्रहांचं गणित करणाऱ्याला बोटांचं गणित जमणार नाही?"

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "हाव, तेबी खरं हाये. तुमी देवाचं मानूस. तुमी मले फसवसान नाई. पन म्हाराज, सुभद्रेचं टाकं हाये बरं ह्याच्यात. तेवढं ध्यानात ठेवजा."

"टाकं बांधलं म्हणून समजा!"

आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या माणसाला माझ्याकडून पंचांगापलीकडचं काहीतरी हवं होतं! मी बाजाराकडे निघालो तेव्हा पाय जमिनीला लागत नव्हते. वाटेत बैठकीची ती भिंत दिसली. मी तिला मनातल्या मनात कायमचा रामराम केला.

बाजारात गाड्यांना गाड्या लागलेल्या. धूळ, बैल, आरडाओरडा, हवेत उडणारा कापूस! सगळ्यांच्या मधोमध शालिकराम उभा. मुंबईच्या एका पेढीसाठी तो माल उचलत असे. शेजारी चांदूर बाजारचे पंजाबराव आपल्या मालाचा सौदा करायला उपरणं हातात घेऊन ताटकळत होते.

"जोशीबुवा?" शालिकराम हसला. "आज काय, बाजाराची कुंडली मांडता का काय?"

"माल विकायचा आहे. धर हात!" मी ऐटीत म्हटलं आणि उपरणं टाकलं.

आणि हात हातात जाताच कोणतं पेर दाबायचं तेच मी विसरलो! भोवती माणसं गोळा झाली. नत्थुजी माझ्या तोंडाकडे टक लावून उभे. मी स्वतःला बजावलं, हरिहरा, घाबरू नकोस. आधी चित्त शांत कर. मग भाव. मी डोळे अर्धवट मिटले आणि संकट आलं की जे करतो तेच केलं. देवाचं नाव घेतलं.

पुढचं मला मागाहून शालिकरामकडून आणि लोकांकडून कळलं. माझा अंगठा शालिकरामच्या पहिल्या पेरावर टेकला. एवढा खालचा भाव कळताच त्याचे डोळे चमकले. तो मूठ आवळणार, तेवढ्यात अंगठा दुसऱ्या पेरावर! मग तिसऱ्या! शालिकराम हात हलवून नको नको म्हणतो आहे, आणि मी शांतपणे पुढच्या पेरावर! त्याच्या कपाळावर घाम आला. पागोटं मागे सरकलं. भाव अशा जागी पोचला, की तिथवर बाजारातला कोणी स्वप्नातही चढला नसेल. आणि माझा चेहरा? आरतीला उभा!

"बाप्पा! शालिकरामले घाम फुटला!" कोणीतरी ओरडलं.

"जोशीबुवाले काईतरी समजलं हाये. तार आली असन मुंबईहून!"

"तार कायची? गिरह पाह्यले असतीन त्याईनं! भाव चढनार हाये लेकहो!"

पंजाबरावांनी हातातलं उपरणं खांद्यावर टाकलं. "मी नाई विकत आज," म्हणाले आणि बैल जुंपायला सांगितले. त्यांचं पाहून दुसऱ्याने जुंपले, तिसऱ्याने जुंपले. नत्थुजींच्या तोंडावर हसू मावेना.

आणि इथे माझं एक आवर्तन संपलं. पेरं संपली की माणूस काय करतो? पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो! अंगठा सरळ खाली, पहिल्या पेरावर.

शालिकरामने मूठ अशी आवळली, की माझा जप घशातच राहिला. "झाला सौदा!" तो ओरडला. "असा दलाल पाह्यला नाई बाप्पा! सर्गात नेऊन एकदम खाली सोडते!"

मी डोळे उघडले. "कोणत्या भावाने?" मी हळूच विचारलं.

त्याने उपरण्याखाली पुन्हा माझं बोट धरून दाखवलं. पहिलं पेर.

नत्थुजींना मी गाडीमागे नेऊन सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्या प्रसाद म्हणून घेतल्या असत्या. ते नुसते जुवावर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "तुमी जप काहून केला जी तिथं?"

"भीती वाटली, नत्थुजी."

"मंग मले सांगाचं होतं. मी धरला असता हात." बैलाच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला. "सुभद्रेले काय सांगू आता?"



त्या दिवसापासून मी घराबाहेर पडलो नाही. भिंतीकडे तोंड करून बसायचीही लाज वाटे, कारण तिला मी रामराम करून आलो होतो. पडून राहायचो. माणूस या वयात नवं काही करायला निघतो आणि त्याच्या बोटांना जुनंच येत असतं! मग हा जन्म असाच संपणार, हे मला लख्ख समजलं. गोदावरी ताट आणून ठेवी आणि तसंच उचलून नेई. थट्टासुद्धा करीना. तेव्हा मला कळलं, की माझं काही खरं नाही.

आणि वैशाखात मुंबईहून खरोखरच तार आली! अमेरिकेतली लढाई संपली. कापसाचा भाव असा कोसळला, की त्याला शोधायला माझं पहिलं पेरही पुरेना. ज्यांनी त्या दिवशी बैल जुंपून माल परत नेला होता, त्यांच्या घरात कापूस आढ्यापर्यंत भरलेला. घ्यायला कुत्रं येईना. सगळ्या बाजारात त्या दिवशी विकलेला माल एकच. नत्थुजींचा!

एका सकाळी दाराशी मोठा गलका झाला. फटीतून पाहिलं तर पंजाबराव आणि त्यांच्यामागे पंचवीस-तीस पागोटी! "गोदावरी, मला मारायला आले!" म्हणत मी धान्याच्या कणगीमागे शिरलो. गोदावरीने दार उघडलं, माझं उपरणं धरून मला बाहेर ओढलं आणि त्यांच्यापुढे उभं केलं.

पंजाबराव वाकले आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं!

"म्हाराज, तुमी आमाले दाखवलं होतं. वरून खाली! भाव चढन आन्‌ पडन! शालिकराम सांगून राहिला साऱ्या गावाले. आमीच उलटं समजलो."

"पंजाबराव, ऐका हो माझं!" मी कळवळून म्हणालो. "मला काही कळलं नव्हतं. मी घाबरलो होतो. मी नुसता जप करत होतो!"

मग मागून कोणीतरी भारावून म्हणालं, "जप करून भाव काढला त्याईनं!"

संपलं! यापुढे मी जे जे खरं सांगितलं, त्याने माझी कीर्ती वाढतच गेली. पंजाबरावांचे डोळे लाल होते. वर्षभराची मेहनत घरात कुजत पडली होती आणि तो माणूस मला हात जोडून विचारत होता, "पुढच्या साली कवा विकू तेवढं सांगा." मला त्यांच्या पाया पडायचं होतं, पण ते आधीच खाली असल्यामुळे जमेना.

"पंजाबराव, मी हा धंदा सोडणार आहे," मी शेवटचा प्रयत्न केला.

"सोडसान कसे? आमी सोडू देतो काय तुमाले?" नत्थुजी गर्दीतून पुढे आले. खांद्यावर मडकं होतं. शेजारच्या गावच्या तळ्यातलं गोडं पाणी. "सुभद्रेनं देल्लं तुमाले. टाक्याचं काम सुरू झालं जी! लहान हाये जरासं, पन होते."

मी ते पाणी प्यालो. गोड होतं.

टाकं पुरं झालं आणि त्याचे काही दगड उरले. नत्थुजींनी ते गाडीत घालून आणले, गवंडीही सोबत आणला आणि बाजाराच्या तोंडाशी माझ्यासाठी पक्का ओटा बांधून दिला. मरेपर्यंत हलायचा नाही असा. त्यावर मला बसवून सगळ्यांनी हार घातला. गोदावरी लांबून पाहत होती. तिने फक्त ओटा कोरडा आहे ना, एवढं हात लावून पाहिलं.

तर वाचकहो, माझी दिशा बदलली ती अशी. पूर्वी मी उत्तरेला तोंड करून बसत असे, आता पूर्वेला. सकाळभर ऊन डोळ्यांत जातं, म्हणून मी डोळे मिटून घेतो. आणि समोरची गर्दी एकमेकांना गप्प करते, "चूप रे! म्हाराज भाव पाहून राहिले!"