तीन सेकंदांची भिंत

ज्या माणसावर सगळं अवलंबून असतं, त्याची काळजी घेता यावी म्हणून तो आधी पडावा लागतो, हे सामाजिक जीवनाचं एक मूलभूत तत्त्व आहे. उभ्या माणसाची काळजी कशी घ्यायची, याची पद्धत कुठेच ठरलेली नाही. पडलेल्याला डबा नेता येतो, पाठीशी उशी देता येते, सोबत बसून फोटो काढता येतो. उभ्याला काय देणार?

आइंडहोवनच्या ‘ब्राबांटचे बिबटे’ या मराठी अमेरिकन फूटबॉल संघाचा सहचिटणीस या नात्याने मी हे तीन मोसमांच्या अनुभवावरून सांगतो आहे. मराठी माणसं नेदरलँड्सला येऊन अमेरिकन फूटबॉल का खेळतात, असं लोक विचारतात. कारण सरळ आहे. क्रिकेटच्या मैदानासाठी अडीच वर्षांची प्रतीक्षायादी होती, आणि गेमेंटेकडे (म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे) रविवारी सकाळी दहा ते बारा ही अमेरिकन फूटबॉलची वेळ कोणालाच नको म्हणून पडून होती. मोकळी जागा दिसली की रुमाल टाकून ठेवायचा, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. आम्ही टाकला.

खेळ सोपा आहे. चेंडू लांबट असतो. तो एका माणसाच्या हातात देतात, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. त्याने चेंडू लांब फेकायचा आणि समोरच्यांनी त्याआधीच धावत येऊन त्याला आडवं करायचं. तसं होऊ नये म्हणून त्याच्यापुढे आपले पाच गडी भिंत करून उभे राहतात. त्यांचं काम एकच, साधारण तीन सेकंद जागेवरून न हलणं. (चेंडूला हातही लावायचा नसतो. या पाच जागांसाठी आमच्याकडे तेवीस अर्ज आले. क्वार्टरबॅकच्या जागेसाठी एकही नाही.)

क्वार्टरबॅक म्हणून हेमचंद्रची एकमताने निवड झाली. निवड झाली तेव्हा तो बाहेर गाडीतून चहाचा थर्मास आणायला गेला होता. हेमचंद्र दिवसा संगणकाच्या चिपा बनवणाऱ्या यंत्रांसाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि उरलेल्या वेळात आमचं सगळं करतो. गणपतीला हॉल तोच बुक करतो, स्पीकर तोच उचलतो, कोणाचे आईवडील येणार असले की विमानतळावर तोच जातो. नाही म्हणायचा अवयव त्याला जन्मतःच नाही. खेळाडूत आणखी काय गुण हवा?

भिंतीत आम्ही पाच जण निवडले गेलो. अध्यक्ष श्रीकांत उजव्या टोकाला, मधे धवल, प्रणव आणि श्रेयस, आणि डाव्या टोकाला मी. पहिला सामना ग्रोनिंगनच्या विद्यार्थ्यांशी झाला. त्यांच्यात युरियान नावाचा एक मुलगा आहे, उंची दोन मीटरच्या आसपास, स्वभावाने अत्यंत गोड. तो पळत आला आणि धवलने बाजूला होऊन त्याला वाट दिली. हेमचंद्रची करंगळी मोडली. धवलने लेखी खुलासा दिला तो असा: “समोरची व्यक्ती घाईत आहे असं वाटलं.” खुलासा समाधानकारक असल्याने स्वीकारण्यात आला.

दुसऱ्या सामन्यात युरियानसारखाच कोणीतरी श्रीकांतच्या बाजूने आला. आता श्रीकांत इथल्या ड्रायव्हिंगच्या परीक्षेत तीनदा नापास होऊन चौथ्यांदा पास झालेला माणूस. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा इथला नियम त्याच्या हाडीमासी मुरलेला. त्याने थांबून, मान हलवून, त्या मुलाला जाऊ दिलं. हेमचंद्रचा घोटा गेला. पण नियम पाळला गेला याचं कौतुक प्रतिस्पर्ध्यांनीही केलं.

इथे ‘हेमचंद्र संरक्षण समिती’ स्थापन झाली. समितीवर पाच सदस्य हवेत असं ठरलं आणि भिंतीतले आम्ही पाचही जण आयतेच सापडलो. समितीने पहिलं काम केलं ते डब्यांचं वेळापत्रक. हे वेळापत्रक म्हणजे, मी जरा अभिमानानेच सांगतो, परदेशस्थ मराठी समाजाने उभारलेल्या उत्कृष्ट व्यवस्थांपैकी एक आहे. हेमचंद्र जमिनीला टेकल्यापासून त्याच्या घरी पहिला डबा पोचेपर्यंत सरासरी सत्तेचाळीस मिनिटं लागतात. तीन मोसमांत चौदा सामने, नऊ दुखापती आणि दोनशे बारा डबे झाले. (त्यातले एकशे चार साबुदाण्याच्या खिचडीचे. याबद्दल हेमचंद्रने एकदा काहीतरी बोलायचा प्रयत्न केला होता, पण तेव्हा जबडा बांधलेला होता.) याउलट भिंत उभी राहण्याची सरासरी वेळ शून्य पूर्णांक आठ सेकंद आहे. त्यात ‘सॉरी’ म्हणण्याचा वेळ धरला आहे.

भेटायला गेलेला प्रत्येक जण निघताना दारात बूट घालत म्हणायचा, “काहीही मदत हवी असली तर हक्काने सांग हं.” हेमचंद्र मान हलवायचा. मानेला पट्टा असला तर डोळ्यांनी हो म्हणायचा.

सहाव्या दुखापतीच्या वेळी त्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “तुमच्यापुढे कोणी नव्हतं का?”

“होते ना. पाच जण.”

बाईंनी ते टाइप केलं, एकदा पुन्हा वाचलं, आणि पाचाच्या पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

समिती मात्र स्वस्थ बसली नाही. आधी असं लक्षात आलं की धावपळीत नेमकं कोणाला वाचवायचं हेच आम्हाला कळत नाही. म्हणून हेमचंद्रला एकट्यालाच झगझगीत पिवळी जर्सी देण्यात आली. तो आम्हाला लांबूनही दिसू लागला. समोरच्यांनाही दिसू लागला, हा अनपेक्षित लाभ. मग धवलने सुचवलं की धोका येताना दिसला तर त्याने आम्हाला सावध करावं, आणि त्यासाठी त्याच्या कमरेला सायकलची घंटा बसवण्यात आली.

कल्पना निर्दोष होती. युरियान येताना दिसला, हेमचंद्रने घंटा वाजवली, आणि ट्रिंग ऐकताच आम्ही पाचही जण एका रांगेत उजव्या कडेला सरकलो. या देशात सात-आठ वर्षं काढलेला माणूस सायकलची घंटा ऐकून दुसरं काही करूच शकत नाही. युरियान इथेच जन्मलेला, त्याच्यावर घंटेचा काडीचाही परिणाम झाला नाही. हेमचंद्रचा खांदा निखळला. ती दुखापत क्रमांक नऊ.

या वेळी आम्ही आपापल्या कंपन्यांतल्या सवयीप्रमाणे मूळ कारणाचा शोध घेतला. बिघाडाच्या मुळाशी जाण्यात आमची आयुष्यं गेली आहेत. बेचाळीस स्लाइड झाल्या. मैदान बदललं होतं, प्रतिस्पर्धी बदलले होते, हवा, बूट, पंच, सगळं बदललं होतं. नऊही दुखापतींत एकच घटक समान निघाला, तो म्हणजे हेमचंद्र. निष्कर्ष त्याला शक्य तितक्या सौम्य शब्दांत कळवण्यात आला. तो झोळीतला हात सावरत म्हणाला, “बरोबर आहे रे, माझंच काहीतरी चुकत असणार.” असा समंजस माणूस विरळा.

त्याची बायको निशिगंधा तितकी समंजस नाही. ती आठव्या महिन्यात होती. तिने आमच्यासमोर डब्यांची चळत ठेवली आणि म्हणाली, “हे सगळे घेऊन जा. मला खिचडी नको, माणसं उभी राहायला हवीत. डॉक्टर म्हणाल्यात, खांदा पुन्हा निखळला तर ऑपरेशन आणि चार महिने हात वर नाही. पाच आठवड्यांनी बाळ येतंय. कोण घेणार त्याला, तुमची समिती?”

श्रीकांतने हा मुद्दा टिपून घेतला. बाळंतपणासाठी पुण्याहून आलेल्या निशिगंधाच्या आई, कुमुदिनीकाकू, कोपऱ्यात पालक निवडत बसल्या होत्या. आमची सगळी व्यवस्था त्यांनी लक्षपूर्वक ऐकून घेतली आणि विचारलं, “म्हणजे जावई पडेपर्यंत तुम्ही करता काय?”

“तयारी, काकू,” श्रीकांत म्हणाला.

मोसमाचा एकच सामना उरला होता, पुन्हा ग्रोनिंगनशी. संघ उतरवला नाही तर गेमेंटे आपली वेळ काढून घेणार. दुसरं कोणी क्वार्टरबॅक व्हायला तयार आहे का, असं सभेत विचारलं तेव्हा बावीस जणांना एकाच वेळी ऑफिसचे महत्त्वाचे मेसेज आले. हेमचंद्र म्हणाला, “ठीक आहे, खेळतो.”

सामन्याच्या सकाळी एप्रिलचा बोचरा वारा सुटला होता. आम्ही गोल करून उभे राहिलो आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच हेमचंद्र स्वतःहून बोलला. “तुम्ही सगळे म्हणता ना, हक्काने सांग म्हणून? मग आज सांगतो. डबा नको, सोडायला यायला नको. फक्त तीन सेकंद माझ्यापुढे उभे राहा. मला बाळाला दोन्ही हातांनी घ्यायचंय.”

 श्रीकांतच्या डोळ्यांत पाणी आलं. धवलने लगेच वही काढली. ‘आज उभं राहायचं’ असा ठराव तिथल्या तिथे मांडण्यात आला आणि टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. इतकं भारावलेलं वातावरण मी मराठी मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात पाहिलेलं नाही.

चेंडू हेमचंद्रच्या हातात गेला आणि युरियान निघाला. या वेळी माझ्या बाजूने.

मी उभा राहणार होतो. हे मी कोणाच्याही समोर सांगायला तयार आहे. पण दोन गोष्टी झाल्या. एक, तो डावीकडून येत होता. म्हणजे नियमाने थांबायचं त्याने होतं, आणि मी त्याच्या थांबण्याची वाट पाहत होतो. दुसरं असं की मला वाटलं, मी एकटा थोडाच आहे, आणखी चौघे आहेत. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की त्या चौघांपैकी प्रत्येकालाही आपल्याखेरीज आणखी चौघे दिसत होते. ठराव इतका एकमुखी होता की प्रत्येकाला दुसऱ्यांची अगदी खात्री वाटत होती. युरियान माझ्या खांद्याला वाराही न लागू देता निघून गेला.

आणि थांबला.

हेमचंद्रच्या पुढे कुमुदिनीकाकू उभ्या होत्या. नऊवार नव्हे, साधी पाचवारी, वर जावयाचंच जाड जॅकेट, पायात पांढरे बूट, आणि हातात राखाडी लोकरीची कानटोपी. वारा सुटलाय, जावयाच्या कानांत जाईल, म्हणून त्या सामना चालू असताना मैदानाच्या कडेवरून सरळ चालत आल्या होत्या. जावयाच्या डोक्यावर हेल्मेट आहे ही बाब त्यांना गौण वाटली.

“थांब रे जरा!” काकू युरियानला म्हणाल्या. “दिसत नाही का, टोपी घालतेय त्यांना? काय मेली घाई!”

युरियानला मराठीचा गंध नाही. पण तो दोन मीटरचा मुलगा दोन्ही हात मागे घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, “सॉरी, मेव्हराऊ.” (म्हणजे ‘सॉरी, बाई.’) काकूंनी हेल्मेट काढायला लावलं, टोपी घातली, तिचा बंद हनुवटीखाली बांधला, वर हेल्मेट बसतंय का पाहिलं. एकूण एकेचाळीस सेकंद. आमच्या संघाच्या इतिहासातला हा विक्रम आहे.

पंचांनी आम्हाला दंड केला, कारण अकरा जणांच्या संघात मैदानावर बारावी व्यक्ती आली होती. सामना आम्ही चौतीस शून्यने हरलो. मात्र त्यानंतर युरियान जितक्या वेळा धावला, तितक्या वेळा आधी कडेला बघत होता. काकू तिथे दुसरी टोपी घेऊन बसल्या होत्या.

समितीने घडल्या प्रकाराची गंभीर दखल घेतली आहे. सदर महिलेने वर्गणी भरलेली नाही, सरावाला हजेरी नाही, समितीची पूर्वपरवानगी नाही. शिवाय त्या तीन महिन्यांच्या भेटीच्या व्हिसावर आलेल्या असून त्या व्हिसावर काम करता येत नाही. क्वार्टरबॅकच्या पुढे उभं राहणं हे काम आहे की नाही, यावर आम्ही कायदेशीर सल्ला मागवला आहे. (आम्ही पाच जण तीन वर्षं ते करत असून आम्हाला ते काम असल्याचं कधी जाणवलं नाही, हा मुद्दा काकूंच्या बाजूने जाऊ शकतो.)

बाळ मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. मुलगी आहे. आम्ही सगळे एकदम भेटायला गेलो, एकोणीस डबे घेऊन. हेमचंद्रने तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं आणि त्याला डबे घेता येईनात, म्हणून आम्ही ते जिन्यात मांडून आलो. निघताना बूट घालत मी सवयीने म्हणालो, “काही मदत हवी असली तर हक्काने...” आणि आतून काकूंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. वाक्य तसंच राहिलं.

हेमचंद्रने राजीनामा दिलेला नाही, तो त्याला जमणार नाही. आणि काकूंचं परतीचं विमान जूनमध्ये आहे. त्यामुळे पुढच्या मोसमासाठी भिंत वाढवून सहा जणांची करावी, असं समितीने ठरवलं आहे. खेळाच्या नियमात ते बसतं का, हे नंतर पाहू.

सहाव्या जागेसाठी आम्ही फार शोधाशोध करणार नाही. अनुभवाची अट नाही. फक्त एक सांगा. मघाशी तो युरियान माझ्या बाजूने सुटला, हेमचंद्रचा खांदा आता जाणार असं दिसलं, तेव्हा तुम्हालाही मनातून कळवळून वाटलं ना, की अरे, कोणीतरी अडवा त्याला?

आम्हा पाचही जणांना अगदी हेच वाटत होतं. तुमच्या जर्सीचं माप तेवढं कळवा.