आपोआप लागणारं दार

"दार कसं लागावं? लाजत लागावं!" फोरमनकाका मजल्यावर सगळ्यांना ऐकवत होते. सारा जन्म कारखान्यात गेलेला. निवृत्त झाले तरी हातातला पाना सुटला नव्हता. काकू गेल्यापासून घर खायला उठायचं, म्हणून ते दिसेल त्याला यंत्रं समजावत बसत.

आज दाराला आपोआप लावणारा क्लोजर बसला होता. "आत स्प्रिंग आहे. दार उघडताना तुम्ही लावलेला जोर ती साठवते, आणि परतताना तेल तिला दमानं घ्यायला लावतं!"

"छानच हो काका," म्हणत समोरची वहिनी आत पळाली.

काकांनी गॅसवर दूध ठेवलं आणि आपली करामत बाहेरून कशी दिसते ते बघायला बनियनवरच बाहेर आले. दार डौलात आलं. खट्! लॅच लागलं.

"वा रे पठ्ठ्या!" काकांनी स्वतःचीच पाठ थोपटली. मग सवयीनं बेल दाबली. "अगं, उघड गं!"

समोरचं दार उघडलं. "काका, कुणाला हाक मारताय?"

काका गडबडले. खिसा चाचपायला गेले, तर बनियनला खिसा कुठला! "किल्ली आत राहिली. गॅसवर दूध आहे!"

वहिनीनं किल्लीवाल्याला बोलावलं. तो येईपर्यंत काकांनी प्लास्टिकची पट्टी मागितली. "लॅचची जीभ तिरपी असते. पट्टी सारली की झक मारत मागे जाते!" पण पट्टी शिरेचना. तोवर करपल्याचा वास जिन्यात उतरला.

किल्लीवाला म्हणाला, "जरा फट नाही! कडेनं रबर कुठल्या शहाण्यानं ठोकलंय?"

"मीच. वारा येत होता."

शेवटी कुलूप फोडावं लागलं. गॅस बंद झाला, पातेलं कोळसा झालं. नवं कुलूप बसवताना किल्लीवाल्यानं विचारलं, "आजोबा, बाहेर पडताना किल्ली घ्यायची सवय नाही का?"

"लागलीच नाही कधी. आत ती असायची." काका दाराकडे बघत राहिले. "हिशेबात स्प्रिंगचा जोर धरला, तेलाचा वेग धरला. आणि आत कोणीतरी आहे, हेही धरूनच चाललो."

वहिनीनं एक किल्ली स्वतःकडे ठेवली आणि दुसरी दोऱ्यात ओवून काकांच्या गळ्यात घातली.

दुसऱ्या दिवशी काका दूध घेऊन आले. किल्ली छातीवर लोंबत होती. त्यांनी बेल दाबली आणि थांबले. बराच वेळ थांबले.

मागे वहिनी दारात उभी होती. काका दचकले.

"बेल तपासत होतो," ते घाईघाईनं म्हणाले. "चालतेय!"