‘फुफाटा’चं अधिकृत चरित्र

रशीदभाईंच्या गॅरेजमध्ये शिरलं की आधी मोबाइल नटबोल्टच्या डब्यात टाकावा लागतो. झाकण लावून त्यावर ते स्वतः पाना ठेवतात. मी चोरून रेकॉर्डिंग करीन, हा संशय. मुलाखतीला त्यांनीच मला बोलावलंय, याची आठवण करून द्यायची सोय नाही.

पुसदचा ‘फुफाटा’ हा रॉक बँड एकेकाळी जिल्हाभर गाजलेला. गिटारवर रशीदभाई, गायला गौतम. गणपतीत आणि भीमजयंतीला त्यांच्या तारखा मिळायच्या नाहीत. मी शाळेतून निवृत्त झालेला मराठीचा मास्तर. बँडचं चरित्र तुम्ही लिहा, पण प्रत्येक पान मी मंजूर करणार, असं रशीदभाई म्हणाले. मी हो म्हणालो आणि फसलो.

पान हातात आलं की ते आधी मागची कोरी बाजू तपासतात. मग ठरलेला प्रश्न, “हे तुम्हाले कोनं सांगतलं, सर? सबूत काय?” गौतमचा आवाज पहाडी होता असं लिहिलं, तर त्यानं चहा पाजला काय म्हणून चौकशी झाली. स्वतःच्या जन्मगावाचाही पुरावा त्यांनी माझ्याकडेच मागितला.

घोडं अडलं ते शेवटच्या प्रकरणावर. महागावच्या भीमजयंतीत ऐन गाण्यात गिटारची वायर निघाली. गौतमनंच ती उपटली, असं रशीदभाईंनी माइकवर जाहीर केलं, तेही गौतमच्या गावात, त्याच्या घरच्यांसमोर. बँड तिथंच संपला. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही.

मी महागावला गौतमच्या बियाण्यांच्या दुकानात गेलो. वायर खरंच कुणी उपटली, हे त्याला सरळ विचारलं.

“मीच उपटली म्हणून लिहा,” तो म्हणाला. “भांडण तरी मिटन.”

तसंच लिहून आणलं. रशीदभाईंनी ते पान दोनदा वाचलं. सबूत मागितला नाही. हाताचं ग्रीस पुसून त्यांनी ती ओळ खोडली.

“खोटं हाये. वायर माह्याच पायात अटकली होती.”

मला भयंकर राग आला. मग इतकी वर्षं काय करून राह्यले होते, असं मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

“साऱ्या लोकाइसमोर बोलून बसलो होतो, सर. वाटे, तो येईन, शिव्या देईन, मी मान्य करीन. आलाच नाही तो.”

त्यांच्याकडे बघून माझा राग गेला. त्यांनी पाना बाजूला केला आणि मोबाइल काढून माझ्या हातात दिला.

“लावा त्याले फोन. म्हना, पुस्तकात एक चूक हाये, सही कराले पुसदले यावं लागते. माह्यं नाव नका घेऊ. संशय येईन त्याले.”