धर्मगजाच्या न्यायाची हकिगत

श्रीसद्बुद्धीस साष्टांग दंडवत, जरी या राज्यात तिचे दर्शन कोणास घडले नाही तरी. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सरी, एके राज्यी, ज्याचे नाव घेण्याचीही आम्हास लाज वाटते, किल्ल्याची चोरवाट गनिमास कळली आणि गनिमाने येऊन दारूकोठार लुटून नेले. मग महाराज कोपास चढले आणि म्हणाले, "फितूर आत आहे, हुडकून काढा." तेव्हा दिवाण गोंदोपंत यांनी अर्ज केला की, पीलखान्यात धर्मगज नामे हत्ती आहे, तो फितुरापुढे थांबून सोंड उचलतो, आजवर एकदा चुकला नाही. चुकावा कसा? ज्याच्यापुढे हत्ती थांबे त्यास खांबाला बांधून कबूल होईतोवर चाबकाचे कोरडे ओढीत, आणि तो कबूल झाला की दिवाणजी म्हणत, पाहा, हत्ती खरा. ज्याच्यापुढून हत्ती निघून जाई त्यास कोणी बोटही लावीत नसे, म्हणून तो काही कबूल करीत नसे, आणि दिवाणजी म्हणत, पाहा, येथेही हत्ती खरा. आणि यावर भले भले शास्त्री माना डोलवीत, याचा संताप आम्हास अद्याप आवरत नाही.

असो. मग किल्ल्यावरील अवघी माणसे रांगेत उभी केली, दिवाणजी तेवढे बाहेर राहिले, कारण ते परीक्षक. हत्ती चालत चालत भिवजी आचाऱ्यापाशी आला. भिवजी नुकताच गुळाच्या पोळ्या लाटून उठला होता, हातास गूळ तसाच होता. हत्ती थांबला आणि सोंड उचलली. सदरेत वाहवा जाहली आणि कोरडे सुरू जाहले. भिवजीने देवाच्या आणाभाका घेतल्या, मग रडला, आणि मग कबूल झाला. चोरवाट कोणत्या बुरुजाखाली म्हणून विचारता त्यास सांगता येईना, तेव्हा दिवाणजींनीच सांगितली आणि त्याने मान हलविली. मग अमावस्येस कडेलोट करावा असा हुकूम जाहला.

तेव्हा भिवजीची बायको सगुणा, त्याच मुदपाकखान्यात दळणारी, सदरेवर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "म्हाराज, हत्ती माज्याबी म्होरनं गेला, थांबला न्हाई. म्हंजी मी इमानी, व्हय का न्हाई?"

दिवाणजी बोलले, "अलबत. धर्मगजाने सोडले ते इमानी."

"मंग मला त्याच खांबाला बांधा आन् तसंच कोरडं वढा. मी इमानी असून कबूल झाले, तर माज्या धन्याचं कबूल होनंबी खोटं धरा आन् त्याला सोडा."

महाराज म्हणाले, "बाई बोलते ते सरळ आहे." आम्हास वाटले, आता भिवजी सुटला. मग सगुणेस बांधले आणि कोरडे ओढले, आणि ते आम्हास पाहवले नाही. अखेर ती ओरडली, "व्हय, मीच दावली वाट! चंद्रावरचा डागबी मीच लावला! आता तरी सोडा त्याला!"

महाराजांनी दिवाणजींकडे पाहिले. दिवाणजींची पापणी लवली नाही. म्हणाले, "महाराजांचे भाग्य थोर! दुसराही फितूर हाती लागला. नवरा-बायको दोघे सामील. धर्मगज कुलीन जनावर, परस्त्रीकडे नजर करीत नाही, म्हणून हिच्यापुढे थांबला नाही." आणि सदरेने पुन्हा वाहवा केली, आणि महाराजांनी दिवाणजींस शालजोडी दिली, आणि हुकूम केला की कडेलोट दोघांचा व्हावा, आणि बायकांच्या परीक्षेकरिता एक हत्तीण खरीदावी.

एकूण इतके की, अमावस्येस ती दोघे कड्यावरून गेली, हत्तीण वाजतगाजत आली, आणि पुढल्या महिन्यात गनिमाने दुसरी चोरवाटही धरली. त्या बाईने स्वतःच्या पाठीवर पुरावा मांडून दाखविला, आणि इतक्या विद्वानांत तो पाहणारे डोळे कोणास नव्हते. लिहिणाराने हे रागाने लिहिले आहे, वाचणाराने रागानेच वाचावे.