सुरळीची लेंडी आणि ढोबळेकाकांचा अर्ज

एका जंगलात, बाळांनो, रानहळदीच्या पानावर सुरळी नावाची अळी राहायची. मोठेपणी ती तपकिरी, चपळ फुलपाखरू होणार होती. सध्या नुसती खादाड होती. पान गुंडाळायचं, रेशमाने टाचायचं आणि आत बसून तेच घर खायचं.

खाल्लं की लेंडी. हसू नका, तुम्हीही काही कमी नाही. सुरळी मात्र लेंडी दारात ठेवायची नाही. बूड उचलायची, नेम धरायची आणि फाट्! लेंडी हातभर लांब. कारण गांधीलमाशी लेंडीच्या वासावर अळीचं घर शोधते आणि अळी उचलून पोरांना खाऊ घालते. हे सुरळीला कुणी शिकवलं नव्हतं, जन्मतःच ठाऊक होतं.

खाली अळूच्या पानावर ढोबळेकाका राहायचे. तेही अळीच, पण वजनदार. लेंड्या नेमक्या त्यांच्या टकलावर पडायच्या.

“काका, जरा सरकता का?” सुरळी वरून विचारायची.

“मी का सरकू? मी इथला जुना रहिवासी. आज पाचवा दिवस.”

शेवटी काकांनी जंगलाच्या स्वच्छता समितीकडे अर्ज ठोकला. समितीच्या अध्यक्ष होत्या गांधीलबाई. नाक तिखट म्हणून एकमताने निवडून आलेल्या. लगेच फतवा निघाला, ज्याची लेंडी त्याच्या दारात. गुरुवारी तपासणी.

सुरळी पेचात पडली. दारात ठेवावी तर बाई नेणार, उडवावी तर काका बोंबलणार. गुरुवारी ती सकाळपासून दाबून बसली.

काका मात्र खुशीत होते. पाच दिवसांच्या लेंड्या त्यांनी वेचल्या, स्वतःच्या दारात सुबक ढीग रचला आणि शेजारी ताठ उभे राहिले.

बाई वास घेत थेट ढिगापाशी उतरल्या.

“हा घ्या पुरावा,” काका म्हणाले.

“अळीचीच आहे,” बाई म्हणाल्या.

“हो, पण वरच्या अळीची.”

“तसं अहवालात लिहू हं,” बाई म्हणाल्या आणि काकांना उचलून चालत्या झाल्या.

सुरळीला फार वाईट वाटलं. ती खरंच रडली. मग मात्र तिला आवरेना. रिकाम्या अळूवर लेंडी पडली.

संध्याकाळी समितीच्या फलकावर निकाल लागला. सर्वांत स्वच्छ दाराचं पहिलं बक्षीस, सुरळी.

तात्पर्य : तक्रार जरूर करावी. फक्त अर्ज घेणारा काय खातो, याची आधी चौकशी करावी.