स्वयंपाकघर, विथ इमिजिएट इफेक्ट

पुट्टस्वामय्यांनी गुरुवारी सकाळी दात घासता घासता ठरवलं, की आता तोंडी सांगून भागायचं नाही, लेखी आदेशच काढायचा. (दात घासताना घेतलेला निर्णय निदान चूळ भरेपर्यंत तरी थांबवून ठेवावा, हे पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.)

प्रकरण साधं होतं. रविवारी दुपारी हासनच्या निवृत्त कर्मचारी संघाचे अकरा सदस्य त्यांच्या घरी जेवणार होते आणि जेवण झाल्यावर नवा अध्यक्ष निवडणार होते. जुने अध्यक्ष मुलाकडे बेंगळूरला राहायला गेल्यामुळे खुर्ची रिकामी होती. पुट्टस्वामय्या तालुका कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाल्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून त्यांच्या बुडाखाली अनेक खुर्च्या आल्या, पण एकीतही मान नव्हता. ही हुकली, तर पुढे डोळ्यांच्या डॉक्टरकडचं बाकडंच.

म्हणून पानावर घरचा ओब्बट्टू, म्हणजे तिकडची पुरणपोळी, हवा होता. रात्रभर मुरलेल्या पुरणाचा, तुपात न्हालेला. विशालाक्षम्मांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, बुधवारीच सांगून टाकलं होतं, ‘‘माझ्या गुडघ्यांना ओब्बट्टू झेपत नाही. अरसीकेरेच्या दुकानातून मागवू.’’

‘‘दुकानातला? माझ्या घरात?’’

‘‘पोटात गेल्यावर कुणी पत्ता विचारत नाही, अहो.’’

म्हणून पुट्टस्वामय्यांनी गुरुवारी लिहायला घेतलं. त्या घरात भांडण कन्नडमध्ये व्हायचं आणि आदेश इंग्रजीत निघायचे. टीव्हीचा आवाज, बाथरूमचा दिवा, दुधाची पिशवी कापण्याची पद्धत, सगळ्यावर आदेश होते. सगळे फ्रिजवर चुंबकाने लावलेले होते आणि कुणीच वाचलेले नव्हते. मात्र ‘विथ इमिजिएट इफेक्ट’ हे शब्द त्यांनी आजवर घरात वापरले नव्हते. ते त्यांचं सगळ्यात लाडकं अपत्य. (सिंचना ही दुसरी. ती मैसूरला एम.एस्सी. करायची आणि सुट्टीला घरी आली होती.)

‘‘हे मिठासारखं कुठेही टाकायचं नसतं,’’ कागदावर समास आखता आखता ते सिंचनाला म्हणाले. ‘‘वाक्याच्या शेवटी यायला हवं. सोबत तारीख लिहायची नाही. तारीख दिली तर तात्काळ कसलं? आणि फक्त माणसांसाठी वापरायचं. एका नव्या कारकुनाने लिहिलं होतं, खुर्च्यांची दुरुस्ती विथ इमिजिएट इफेक्ट करावी. म्हटलं, खुर्ची आदेश वाचते का रे?’’

‘‘इथेही कुणी वाचत नाही, अप्पा.’’

‘‘आता वाचतील.’’

आदेश असा निघाला: रविवारच्या भोजनाचं महत्त्व लक्षात घेता स्वयंपाकघराची जबाबदारी श्रीमती विशालाक्षम्मा यांच्याकडून काढून खाली सही करणाऱ्याकडे देण्यात येत आहे, विथ इमिजिएट इफेक्ट. खाली सवयीने प्रतींची यादी आली: कुमारी सिंचना, मोलकरीण रत्नम्मा, समोरच्या घरच्या शारदम्मा आणि अरसीकेरेची मेहुणी. सगळ्यांपुढे एकच शेरा होता, ‘माहितीसाठी’. मेहुणीची प्रत त्यांनी फोनवरून पाठवलीसुद्धा.

त्यांचा हिशोब सरळ होता. बायको चिडेल, मग रडेल, मग मुकाट्याने डाळ शिजत घालेल. एकच गोष्ट त्यांच्या ध्यानात राहिली नाही. विशालाक्षम्मा त्याच कचेरीच्या आस्थापना शाखेत एकतीस वर्षं बसल्या होत्या आणि दोनच महिन्यांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. अख्ख्या तालुक्याच्या बदल्या त्यांच्या हातून गेल्या होत्या.

त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि आदेश दोनदा वाचला.

‘‘मसुदा चांगला आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘शब्द बरोबर जागी आलेत.’’

पुट्टस्वामय्या खुलले. (शत्रू स्तुती करायला लागला की खुर्ची भिंतीला टेकवून बसावं, हेही त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.)

‘‘पण तात्काळ लिहिलंय, तर चार्ज आजच द्यावा लागेल. नाहीतर दोघंही दोषी. मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर?’’

‘‘अगं, चार्ज कसला? तू आपलं नेहमीसारखं...’’

‘‘नेहमीसारखं करायचं होतं तर लिहिलंत कशाला?’’

चार्ज लिस्ट करायला विशालाक्षम्मांना दुपारचे दोन वाजले. एकशे एकतीस नोंदी झाल्या. पातेली, डबे, डब्यांतले डबे. ‘कुकर, एक, तिसरी शिट्टी देत नाही, ती मनात मोजावी.’ ‘हिंग, अर्धी डबी, जिऱ्याच्या डब्यात लपवलेला.’ शेवटी प्रलंबित बाबी. दोन प्रती, दोन्हींवर सही. पुट्टस्वामय्यांनी प्रत्येक पानाच्या तळाशी झोकात सही ठोकली. वाचलं काही नाही. चार्ज घेणारा अधिकारी लिस्ट वाचत बसला तर त्याच्या अधिकाराची शान काय राहिली? नोकरीत एकदाही वाचली नव्हती.

सव्वातीनला विशालाक्षम्मा पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या.

‘‘निघालीस कुठे?’’

‘‘बहिणीकडे. मला कार्यमुक्त केलंत, पण पुढे कुठे रुजू व्हायचं ते आदेशात नाही. म्हणजे मी नेमणुकीच्या प्रतीक्षेत आहे. अशा माणसाने काम करायचं नसतं. तुम्हाला माहीत आहे.’’

माहीत होतं. स्वतः पुट्टस्वामय्या एकदा पाच महिने तसेच बसून होते आणि त्या काळात त्यांचं वजन वाढलं होतं.

शुक्रवारी रत्नम्मा आली नाही. शनिवारीही नाही. तिची रजा प्रलंबित बाबींमध्ये मंजूर झालेली होती आणि खाली शिरस्तेदारांची सही होती. डाळ त्यांनी भिजवली, शिजवली आणि वाटायला गेले, तर ती कढीसारखी वाहायला लागली. तिसरी शिट्टी त्यांनी मनात मोजण्याऐवजी तिची वाट बघितली होती.

‘‘सिंचना, जरा ये ना इकडे.’’

सिंचनाने पुस्तकातून डोकंही वर केलं नाही. ‘‘माझ्या प्रतीवर ‘माहितीसाठी’ आहे, अप्पा. मला माहिती झाली.’’

‘‘बापाशी असं बोलतात?’’

‘‘बाप आदेश काढत असेल तर असंच बोलतात.’’

समोरच्या शारदम्मांनाही माहिती झाली होती. त्या दिवसातून तीनदा कठड्याशी येऊन विचारायच्या, ‘‘काय स्वामी, चार्ज कसा चाललाय?’’ आणि उत्तर ऐकून मन भरून आत जायच्या. चार माणसांना कळवलं होतं, करायला एकालाही सांगितलं नव्हतं. शनिवारी चारच्या सुमारास, डाळीची दुसरी खेप करपल्यावर, पुट्टस्वामय्यांनी बायकोला फोनवरून नवा आदेश पाठवला: आधीचा आदेश रद्द, विथ इमिजिएट इफेक्ट.

उत्तर लगेच आलं. ‘आदेश मिळाला. आदेश लगेच लागू होतो, बस लगेच मिळत नाही. उद्या बघू.’

रविवारी पुट्टस्वामय्या पहाटेपासून झटत होते. बारा वाजेपर्यंत भात झाला. हुळी झाली, म्हणजे आमटीसारखं काहीतरी झालं. सिंचनाला शेवटी राहवलं नाही आणि तिने काकडीची कोसंबरी करून दिली. (‘‘ही नियमात बसत नाही, फक्त दया आहे,’’ असं तिने सांगितलं.) गोड मात्र नव्हतं. डाळीची तिसरी खेप मागच्या अंगणात कावळ्यांपुढे होती आणि कावळेही विचारात पडले होते.

साडेबाराला संघाचे लोक आले. पुट्टस्वामय्यांनी पानं मोजली आणि माणसं मोजली. पानं अकरा, माणसं दहा.

‘‘अकरावं कोण राहिलं?’’ त्यांनी निवृत्त हेडक्लार्क रुद्रमूर्तींना विचारलं.

‘‘स्वामी, यादीवर सही तुमचीच आहे ना?’’

तेवढ्यात पुढच्या दाराने विशालाक्षम्मा आल्या. चपला काढल्या, सगळ्यांना नमस्कार केला आणि अकराव्या पानावर जाऊन बसल्या. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी सदस्यत्वाचा अर्ज दिला होता. तो शिफारस करून पुढे पाठवणारी सही पुट्टस्वामय्यांचीच होती. तोही त्यांनी वाचला नव्हता.

‘‘वाढा,’’ त्या म्हणाल्या आणि पिशवीतून एक मोठा डबा काढून नवऱ्याच्या हातात दिला. आत चाळीस ओब्बट्टू होते. मऊ, पिवळेधमक, अजून कोमट.

‘‘हे कुठून...’’

‘‘नोंद एकशे बारा.’’

पुट्टस्वामय्या आत धावले. प्रलंबित बाबी, नोंद एकशे बारा: ‘ओब्बट्टू, चाळीस, अरसीकेरेच्या दुकानात बुधवारीच सांगून ठेवलेले. रविवारी सकाळी घेऊन येणार: कार्यमुक्त झालेली व्यक्ती.’ खाली त्यांची सही. झोकदार.

पंगत रंगली. हुळी कुणी दुसऱ्यांदा मागितली नाही. ओब्बट्टू मात्र रुद्रमूर्तींनी चार खाल्ले. ‘‘घरचा तो घरचाच, स्वामी! दुकानात अशी चव मिळते होय?’’

पुट्टस्वामय्यांनी तोंड उघडलं. बायकोने पानावरून वर बघितलं. त्यांनी तूप वाढलं.

घोटाळा झाला तो हात धुताना. बेसिनला जायची वाट फ्रिजवरून होती आणि चुंबकाखाली चार्ज लिस्ट लटकत होती. पहिला माणूस वाचायला थांबला, मग दुसरा. थोड्याच वेळात ओल्या हातांचे नऊ निवृत्त कारकून फ्रिजसमोर देवळात उभे राहावेत तसे उभे होते.

‘‘तिसरी शिट्टी मनात मोजावी,’’ एकाने मोठ्याने वाचलं. ‘‘याला म्हणतात चार्ज लिस्ट. असं काम आता कोण करतं?’’

‘‘हिंगसुद्धा सोडला नाही हो!’’

अध्यक्षाची निवड पाच मिनिटांत आटोपली. रुद्रमूर्तींनी नाव सुचवलं, बाकीच्यांनी हात वर केले. पुट्टस्वामय्या त्या वेळी सुपारीचं तबक घेऊन उभे होते, त्यामुळे त्यांना हात वर करता आला नाही. ठरावाचा मसुदा नव्या अध्यक्षांनीच सांगितला आणि सिंचनाने उत्साहाने लिहून घेतला: श्रीमती विशालाक्षम्मा यांची अध्यक्षपदी निवड करण्यात येत आहे, विथ इमिजिएट इफेक्ट.

पाहुणे गेले. पुट्टस्वामय्या खुर्चीत बसले. हळूच म्हणाले, ‘‘मग आता स्वयंपाकघराचा चार्ज परत घेतेस ना? मी आदेश रद्द केलाय.’’

‘‘घेईन की. पण चार्ज घ्यायचा तर भांडी मोजून घ्यावी लागतात, आणि खरकटी भांडी मी मोजत नाही. फ्रिजवर बघा.’’

फ्रिजवर नवा कागद होता. संघाच्या अध्यक्षांचा पहिला आदेश, चार ओळींचा. विषय: भोजनानंतरची भांडी. त्यांनी तो पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचला. आयुष्यात पहिल्यांदाच. खाली प्रतींची यादी होती. सिंचना, माहितीसाठी. शारदम्मा, माहितीसाठी. मेहुणी, माहितीसाठी.

आणि सगळ्यात शेवटी: श्री. पुट्टस्वामय्या, पुढील आवश्यक कार्यवाहीसाठी.